मोतीबिंदूनंतरची नजर : घाबरू नका, पण गप्पही बसू नका
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात बोलण्याचा मान मला मिळाला, तेव्हा शिक्षणाचे महत्त्व, शिस्त, वाचनाची आवड असे विषय सहकाऱ्यांनी सुचवले. परंतु त्या विषयांवर माझ्याहून अधिक अधिकाराने बोलणारी माणसे येथे बसलेली आहेत. मी आज मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिसणाऱ्या सावल्या, वलये आणि ठिपके यांविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नव्हे. बी.ए., बी.एड. झालेला साधा शिक्षक आहे. मग हा विषय मी का घेतला, असे आपण विचाराल. त्याचे कारण एवढेच की या एका विषयात माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिलीची भरपाई झाली. दुसरीची झाली नाही, आणि आता होणारही नाही.

माझे वडील शिवणकाम करतात. कर्जतच्या बाजारात एका गाळ्यात त्यांचे मशीन आहे. चार वर्षांपूर्वी त्यांना सुईत दोरा ओवता येईना. अब्बा प्रथम सुईला दोष देत, मग दोऱ्याला, मग दिव्याला. शेवटी डॉक्टरांनी तपासून सांगितले की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला आहे आणि उजवा डोळा आधी करावा लागेल. ऑपरेशन झाले. पंधरा-वीस मिनिटांचे काम, टाका नाही, दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. अब्बांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातील बारीक तारीख वाचली आणि घरात आनंदीआनंद झाला.

तो आनंद फार दिवस टिकला नाही. चौथ्या दिवशी अब्बा अम्मीला म्हणाले, “माझ्या उजव्या बाजूला कोणीतरी उभे असते.” मशीनवर बसले की उजव्या कानशिलाकडे त्यांना चंद्रकोरीसारखी काळी सावली दिसे. गिऱ्हाईक आले असे वाटून ते मान वर करीत, आणि समोर कोणीच नसे. एकदा तर त्यांनी रिकाम्या दाराला सलाम केला. रस्ता ओलांडताना उजवीकडून रिक्षा येत आहे असा भास होऊन ते मध्येच थबकत. रात्री खोपोलीहून येताना घाट उतरणाऱ्या ट्रकांचे दिवे त्यांना दिवाळीतल्या अनारासारखे फुटताना दिसत, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती एक कडे दिसे.

आणि मी, त्यांचा शिकलेला मुलगा, काय म्हणालो? “अब्बा, ऑपरेशन उत्तम झाले आहे. हा तुमचा भास आहे.” एकदा नव्हे, पुष्कळदा म्हणालो. तेव्हा अब्बांनी सांगणेच सोडून दिले. पुढे दुसऱ्या डोळ्याची तारीख आली तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. “एका डोळ्यात सावली घातली, आता दुसऱ्यात घालायची नाही,” असे म्हणून ते मशीनवर जाऊन बसले. आठ महिने ते एका चांगल्या आणि एका धुरकट डोळ्याने शिवत राहिले. ही माझी पहिली चूक. त्यांना जे दिसत होते ते खरोखरच दिसत होते. तो भास नव्हता, ते प्रकाशाचे शास्त्र होते.

ते शास्त्र समजून घेण्यासाठी, विद्यार्थी मित्रांनो, आपल्या कंपासपेटीतील पारदर्शक पट्टी बाहेर काढा. उद्या सकाळी ती कोवळ्या उन्हात धरा आणि तिची सावली भिंतीवर पाडा. पट्टीच्या मधून प्रकाश सरळ जातो, पण कडेशी पाहा. तेथे एक झगझगीत रेघ उमटते आणि तिच्या शेजारी एक काळी रेघ दिसते. पट्टी थोडी कलती केली की रेघा सरकतात. पट्टीत काही दोष नाही. पारदर्शक वस्तूला कड असली म्हणजे ती प्रकाश वळवणार, परतवणार आणि शेजारी थोडा अंधार सोडणार. अब्बांच्या डोळ्यात हेच घडत होते.

आपल्या डोळ्यातील काळ्या बाहुलीच्या मागे निसर्गाने एक भिंग ठेवलेले आहे. ते सुमारे ९ ते १० मिलिमीटर रुंद आणि चार-साडेचार मिलिमीटर जाड असते. वयाबरोबर ते पिवळसर आणि मग धुरकट होते. यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. शस्त्रक्रियेत डॉक्टर हे गढूळ झालेले भिंग काढतात. त्याचे पातळ पिशवीसारखे आवरण मात्र जागेवर ठेवतात आणि त्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. या नव्या भिंगाचा पाहण्याच्या उपयोगाचा भाग साधारण ६ मिलिमीटर रुंद असतो आणि जाडीने तो जुन्या भिंगापेक्षा फारच पातळ असतो. म्हणजे जेथे जाडजूड दरवाजा होता तेथे पातळ फळी बसवली. चौकट आणि फळी यांच्यामध्ये फट राहिली. समोरून येणारा प्रकाश फळीतून नीट जातो. बाजूने, कानशिलाकडून, तिरका येणारा प्रकाश मात्र काही भिंगातून वळून जातो आणि काही भिंगाला वगळून जातो. या दोहोंच्या मध्ये पडद्याचा जो भाग उजेडावाचून राहतो, तेथे चंद्रकोरीसारखी सावली दिसते. याउलट जो प्रकाश भिंगाच्या कडेवर आपटून भलत्याच जागी पडतो, तो चमक, रेघ, कमान किंवा वलय होऊन दिसतो. डॉक्टर या दोहोंना डिसफोटोप्सिया म्हणतात. सावली दिसली तर निगेटिव्ह, चमक दिसली तर पॉझिटिव्ह.

मग भिंगाची कड गोल का करीत नाहीत, असा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारील. प्रश्न योग्य आहे. चौकोनी धारेची कड मुद्दाम ठेवतात. कारण तशा कडेमुळे जुन्या भिंगाच्या उरलेल्या पेशी सरकत सरकत नव्या भिंगाच्या मागे येऊन जमण्यास अडथळा होतो आणि पुढे पुन्हा धूसर होण्याचे प्रमाण कमी राहते. म्हणजे एक त्रास टाळताना दुसरा थोडासा पत्करावा लागतो. वैद्यकात असे व्यवहार पुष्कळ असतात. ते रुग्णाला आधी समजावून सांगितले तर तो घाबरत नाही.

आता ही सावली किती जणांना दिसते? अमेरिकेतील एका नेत्रतज्ज्ञाचा २००८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी शंभरांपैकी साधारण पंधरा जणांनी अशी सावली सांगितली, आणि एका वर्षानंतर ती सुमारे तिघांपुरती उरली. बाकीच्यांचे काय झाले? भिंग तेच, कड तीच, परंतु मेंदू शिकला. नवीन घड्याळ भिंतीवर लावले की चार दिवस त्याची टिकटिक झोपू देत नाही. पुढे ती ऐकूच येत नाही. मेंदू डोळ्यांच्या बाबतीतही असेच करतो. त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

पालकहो, ऑपरेशननंतरच्या नजरेची तक्रार ही काही आजची नाही. आपल्यापैकी वयस्कर मंडळींना पूर्वीची नेत्रशिबिरे आठवत असतील. त्या काळी भिंग काढून टाकीत, पण त्याच्या जागी दुसरे बसवीत नसत. रुग्णाला सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळे. त्या चष्म्यातून प्रत्येक वस्तू सुमारे पाव पट मोठी दिसे. पाण्याचा तांब्या जवळ वाटे आणि हात पोहोचत नसे. नजरेत भोवताली एक आंधळे कडे राही आणि त्यातून समोरचा माणूस एकाएकी प्रकट होई. आपल्या आजी-आजोबांनी हे सारे मुकाट्याने सोसले.

डोळ्यात भिंग बसवण्याची कल्पना लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील हॅरॉल्ड रिडले यांची. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या छताचे पारदर्शक प्लॅस्टिक फुटून त्याचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. ते तुकडे डोळा सहन करतो, असे रिडले यांच्या लक्षात आले. पुढे मोतीबिंदूचे ऑपरेशन पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवत नाही, असे विचारले असे सांगतात. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी रिडले यांनी त्या प्लॅस्टिकच्या जातीचे भिंग प्रथम वापरले. त्या पहिल्या रुग्ण स्त्रीच्या भिंगाचा नंबर फारच चुकला होता, म्हणजे पहिल्या रुग्णापासूनच नजरेची तक्रार होती! पुष्कळ डॉक्टरांनी रिडले यांना विरोध केला. पण तक्रारी ऐकून, चुका दुरुस्त करीत हे शास्त्र पुढे गेले, आणि म्हातारपणी खुद्द रिडले यांच्या डोळ्यांत अशीच भिंगे बसवण्यात आली.

आपल्या देशात अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात मोतीबिंदूसाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने जो प्रकल्प सात राज्यांत राबवला गेला, त्यांत आपला महाराष्ट्र होता. त्याच सुमारास जाड चष्म्याचे ऑपरेशन मागे पडून भिंगाचे ऑपरेशन सर्वसामान्यांपर्यंत पोहोचू लागले. मदुराई येथे १९९२ पासून देशी भिंगे तयार होऊ लागल्याने किंमतही आवाक्यात आली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात लातूर जिल्ह्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी गोरगरिबांच्या लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या, हे आपण जाणताच.

आता अब्बांकडे परत येतो. आठ महिन्यांनी मी त्यांना कसेबसे डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पडदा तपासला, भिंगाची जागा पाहिली आणि शांतपणे सांगितले, “चाचा, तुम्ही सांगता ते अगदी खरे आहे. तुमचा पडदा निरोगी आहे. ही भिंगाच्या कडेची सावली आहे.” अब्बांच्या चेहऱ्यावरचा ताण त्या क्षणी उतरला. सावली तेथेच होती, पण आता तिला नाव मिळाले होते, आणि कोणीतरी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. डॉक्टरांनी त्यांना रुंद काड्यांच्या फ्रेमचा चष्मा घ्यायला सांगितला. काडी रुंद असली की कानशिलाकडून येणारा तिरका प्रकाश अडतो आणि सावली फिकी होते. आणि पुष्कळदा दुसरा डोळा केल्यावर पहिल्याची सावलीही कमी जाणवते, हेही त्यांनी सांगितले. अब्बांनी दुसरा डोळा करून घेतला आणि तसेच झाले. आज मी विचारले तर ते म्हणतात, “आहे कुठेतरी, पण मी तिच्याकडे पाहत नाही.”

दुसरीही एक गंमत त्यांच्याकडून कळली. एकच डोळा झालेला असताना ते पांढऱ्या दोऱ्याचे रीळ एकदा या डोळ्याने, एकदा त्या डोळ्याने पाहत. झालेल्या डोळ्याला दोरा निळसर पांढरा दिसे, न झालेल्याला चहात बुडवल्यासारखा. पिवळे पडलेले जुने भिंग निळा रंग अडवीत असते. ते निघाले की निळा रंग एकदम आत येतो. “इतकी वर्षे मी कोणते रंग जुळवत होतो कोण जाणे,” असे म्हणून ते हसले. क्लोद मोने या प्रसिद्ध फ्रेंच चित्रकाराचे मोतीबिंदूचे ऑपरेशन १९२३ साली झाले, तेव्हा त्यालाही रंगांचा असाच गोंधळ सोसावा लागला होता. निळसरपणा काही दिवसांत अंगवळणी पडतो.

एवढ्यावर भाषण संपले असते तर मी ते येथे करण्याचे कारण नव्हते.

आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहत. लहानपणापासून त्यांना जाड वजा नंबरचा चष्मा होता. अब्बांच्या पाठोपाठ त्यांचेही ऑपरेशन झाले आणि उत्तम झाले. सुमारे वर्षभराने एका सकाळी मी गाडी पकडायला निघालो असता त्यांनी मला दारात थांबवले. “बेटा, कालपासून डोळ्यात वीज चमकते, आणि चिलटांचा थवा उडाल्यासारखे काळे ठिपके दिसतात. तुझ्या अब्बांना पण असेच काही होत होते ना?” मी घाईत होतो, आणि आता मी या विषयातला जाणकार झालो होतो. मी म्हणालो, “होय खाला, ते भिंगामुळे होते. धीर धरा, जाईल.” हेच शब्द मी बोललो.

दहा दिवसांनी त्यांच्या नजरेवर खालून वर पडदा चढू लागला. मुंबईस नेले. डोळ्याचा मागचा पडदा फाटून सुटला होता. मोठे ऑपरेशन झाले, परंतु त्या डोळ्याला आता समोर धरलेली बोटे मोजण्याइतकेच दिसते. डॉक्टरांनी आम्हांला सांगितले की वीज आणि ठिपके दिसू लागताच आणले असते, तर नुसत्या फाटीला लेसरने सांधता आले असते. खालांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण त्या दारावरून जाताना आजही माझी मान खाली जाते.

बंधू-भगिनींनो, अब्बांना मी म्हणालो, “काही नाही.” खालांनाही म्हणालो, “काही नाही.” पहिल्या वेळी मी खऱ्या गोष्टीला भास म्हटले, दुसऱ्या वेळी धोक्याला सवय म्हटले. दोन्ही वेळी मी ऐकण्याआधीच उत्तर दिले. म्हणून आज जे सांगतो ते नीट लक्षात ठेवा.

ऑपरेशनच्या पहिल्या दिवसांपासून असलेली, एकाच जागी राहणारी, वाढत नसलेली सावली किंवा दिव्याभोवतीचे कडे हे बहुतेक भिंगामुळे असते. ते पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगावे. घाबरू नये. परंतु पुढील चार गोष्टींपैकी एकही दिसली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे, मग ऑपरेशनला चार दिवस झालेले असोत की चार वर्षे.

पहिली, एकाएकी नवीन काळ्या ठिपक्यांचा किंवा जाळ्यांचा वर्षाव होणे. दुसरी, अंधारातही डोळ्यात वीज चमकल्यासारखे दिसणे. तिसरी, नजरेच्या एखाद्या बाजूने पडदा किंवा काळोख सरकत येणे. चौथी, डोळा दुखणे, लाल होणे आणि त्याबरोबर नजर कमी होणे. ही चौथी गोष्ट ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत झाली तर डोळ्यात जंतू शिरल्याचे लक्षण असू शकते, आणि तेथे तासांचा हिशेब असतो. ज्यांना पूर्वीपासून जाड वजा नंबर आहे, त्यांनी पहिल्या तीन गोष्टींबाबत विशेष सावध राहावे.

या दोहोंच्या मधल्याही काही तक्रारी आहेत. महिना-दीड महिन्याने वाचताना मधोमध धूसर दिसू लागले तर पडद्याला सूज आलेली असू शकते. मधुमेह असणाऱ्यांत ती अधिक आढळते आणि औषधाने बहुधा उतरते. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी हळूहळू पुन्हा धुके आले तर लोक म्हणतात, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. भिंगामागचे पातळ आवरण गढूळ होते. ते लेसरने काही मिनिटांत मोकळे करता येते, कापावे लागत नाही. मात्र कडेच्या सावलीवर उपाय म्हणून घाईने हा लेसर करून घेऊ नये. एकदा तो केला की पुढे भिंग बदलण्याची वेळ आलीच तर ते काम अवघड होते. आणि खुपणे, पाणी येणे, नजर क्षणात स्पष्ट, क्षणात अस्पष्ट होणे हे पुष्कळदा डोळ्याच्या कोरडेपणामुळे असते. त्यावर साधे थेंब मिळतात.

सावल्या आणि वलये सुसह्य करण्यासाठी घरातल्या घरात काय करता येईल? उन्हात रुंद काडीचा चष्मा आणि टोपी वापरावी. खोलीत एकच प्रखर दिवा न ठेवता सगळीकडे मंद उजेड ठेवावा. बाहुली अंधारात मोठी होते, आणि मोठ्या बाहुलीतून भिंगाची कड अधिक उघडी पडते. म्हणूनच वलयांचा आणि चमकेचा त्रास रात्री वाढतो. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत रात्री मोटारसायकल चालवू नये. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर समोरून येणाऱ्या दिव्यांनी तरुण डोळे दिपतात, तेथे नव्या भिंगाच्या डोळ्यांची काय कथा! काही रुग्णांना डॉक्टर बाहुली लहान ठेवणारे थेंब देतात, ते स्वतःच्या मनाने आणू नयेत. फारच थोड्यांचा त्रास महिनोन् महिने राहतो. त्यांच्यासाठी भिंग बदलणे किंवा त्याची जागा बदलणे यांसारखे उपायही आहेत. आणि ज्यांचे ऑपरेशन व्हायचे आहे त्यांनी एक प्रश्न आधीच विचारावा. जवळचे आणि लांबचे दोन्ही चष्म्याविना दाखवणारी महाग भिंगे निघाली आहेत, पण त्यांत दिव्याभोवतीची वलये अधिक दिसतात. रात्री गाडी चालवणाऱ्याने हे समजून घेऊनच निर्णय करावा. महाग ते आपल्यासाठी चांगलेच, असे नव्हे.

आपल्या घरांत आणखी एक अडचण येते. ऑपरेशननंतर काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नसते, खाली वाकायचे नसते. मग वजू आणि सजदा कसा करावा, या काळजीने वडीलधारी माणसे ऑपरेशनच पुढे ढकलतात. रमजानमध्ये रोजा तुटेल या भीतीने थेंब सोडतात. डोळ्यातील थेंबाने रोजा तुटत नाही, असे अनेक आलिमांचे मत आहे, आणि आजाऱ्यासाठी बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आपल्या दीनमध्ये आहे. तरीही आपापल्या इमामसाहेबांना आधी विचारून घ्यावे आणि डॉक्टरांनी काय सांगितले तेही त्यांना सांगावे. थेंब मात्र मनाने बंद करू नयेत. आणि बरे वाटले म्हणून तीच बाटली दुकानातून पुन्हा पुन्हा आणून महिनोन् महिने टाकूही नये. त्यांतील काही औषधांनी डोळ्याचा दाब वाढतो आणि नजर कायमची जाऊ शकते.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम या विद्वानाने कैरो येथे प्रकाश आणि दृष्टी यांवर मोठा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसते, हे जुने मत त्याने खोडले आणि वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो म्हणून दिसते, हे प्रयोगांनिशी मांडले. त्याच काळात मोसूलच्या अम्मार या नेत्रवैद्याने पोकळ सुईने मोतीबिंदू ओढून काढण्याची रीत लिहून ठेवली. आपण या नावांचा अभिमान बाळगतो, पण तेवढ्याने भागत नाही. त्यांनी ऐकीव मतावर विसंबून न राहता पाहिले, तपासले, विचारले. हे तुम्हीही करू शकता, आणि त्यासाठी कैरोला जावे लागत नाही. तुमच्या घरच्या पडवीत दादाजी किंवा नानी बसलेल्या आहेत.

आज घरी गेल्यावर एक वही घ्या. ज्यांचे ऑपरेशन झाले आहे त्यांच्याशेजारी बसा. एक डोळा तळहाताने झाकायला सांगा आणि विचारा, काय दिसते? मग दुसरा झाका. सावली कोणत्या बाजूला आहे? केव्हापासून? दिवसा की रात्री? एकाच जागी राहते की तरंगते? कालच्यापेक्षा वाढली का? हे पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरे तारखेसह लिहा. कोणते भिंग बसवले याचे कार्ड रुग्णालयातून मिळते, ते त्याच वहीत चिकटवा. ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आजीला जे सांगता येत नाही, किंवा सांगायला लाज वाटते, ते तुमची वही सांगेल. आणि मी सांगितलेल्या चार गोष्टींपैकी एक जरी ऐकली, तरी वही लिहीत बसू नका. वडिलांना उठवा. कर्जतहून भायखळ्याची गाडी आहे, पनवेललाही डोळ्यांची मोठी रुग्णालये आहेत. शाळा एक दिवस बुडाली तर बुडू द्या. मी हजेरीपटावर लाल शाई लावणार नाही.

पालकहो, घरातील म्हातारे माणूस तक्रार करते तेव्हा आपल्याला ती नेहमीचीच वाटते. कधी ती नेहमीची असतेही. पण ते कोण ठरवणार? दारात उभा राहून, गाडीच्या घाईत, मी ठरवले होते.

 माझी एवढीच नम्र विनंती आहे की आज रात्री जेवणानंतर घरातील सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, “तुम्हांला कसे दिसते?” आणि त्यांचे उत्तर पूर्ण होईपर्यंत काही बोलू नका.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.